तीन लोंब्या, दीड एकर

३ जून २०१८ रोजी दादाजी रामाजी खोब्रागडे गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना ‘धान संशोधक’ म्हटलं, काहींनी तर ‘कृषिशास्त्रज्ञ’. तिसरी शिकलेला माणूस आणि शास्त्रज्ञ, ही जोडी मथळ्यात छान बसते. त्यात कौतुक होतं आणि ते खोटंही नव्हतं. जो एचएमटी तांदूळ आज महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातल्या घराघरांत शिजतो, तो त्यांनी आपल्या बांधीतून वेचून काढला होता. तरी या विशेषणांखाली त्यांचं उरलेलं आयुष्य झाकलं जातं. पोटापाण्याने हा माणूस शास्त्रज्ञ कधीच नव्हता. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्यातला (मराठवाड्यातल्या नांदेडशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही) तो एक अल्पभूधारक कास्तकार होता. दलित कुटुंबात जन्म, जेमतेम शाळा, मग मजुरी, थोडकी शेती, लग्न, मुलंबाळं, आजारपणं, विकलेली जमीन. ७९ वर्षांच्या आयुष्यातला बहुतेक वेळ या सगळ्यात गेला. उरलेल्या वेळात धानाची नऊ वाणं निघाली.

मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते या प्रपंचाच्या बाजूने. निवड, जतन, वर्षानुवर्षांची चिकाटी, म्हणजे ज्याला आपण त्यांचं संशोधन म्हणतो ते, गरिबाच्या घरातल्या रोजच्या सवयींतूनच आलं होतं असं मला वाटतं. आणि त्यांच्या हाती जे लागलं नाही, त्याचं कारणही तिथंच सापडतं.

*

कापसाच्या विदर्भाला हा विदर्भ परका वाटतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग म्हणजे झाडीपट्टी. इथं शेताला बांधी म्हणतात, बांधाला धुरा. खरिपात काय पेरलं, असं कुणी कुणाला विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं: धान. उतारावरून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेल्या बांध्या, धुऱ्यावर मधूनच एखादा मोह, आणि गावाच्या वरच्या अंगाला मालगुजारीच्या काळातला तलाव. तलाव बांधण्याचं हे कसब कोहळी समाजाचं. पाणी कुठं अडवायचं आणि कुठून सोडायचं हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आधी ठरवून ठेवलं. नागभीडच्या जवळ घोडाझरीसारखा मोठा तलाव आहे. पण ज्याची बांधी कालव्याखाली नाही, त्याची सगळी भिस्त आभाळावर. गावात पाण्याखालच्या चांगल्या बांध्या कुणाकडे असतात आणि वरच्या भरड जमिनी कुणाकडे, हे ज्याला खेडं माहीत आहे त्याला सांगावं लागत नाही.

धानाचं वर्ष मृगापासून सुरू होतं. आधी पऱ्हे (रोपं) टाकायचे. तीन-चार आठवड्यांत पऱ्हे वीतभर वाढतात आणि तोवर बांधीत पाणी साचलेलं असावं लागतं. साचलं की चिखलणी, आणि चिखलणी झाली की रोवणा, म्हणजे लावणी. रोवण्याच्या दिवसांत झाडीपट्टीतल्या गावात दुपारी गेलं तर म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या भेटतात. बाकी गाव बांधीत. बायकांची ओळ पोटरीभर चिखलात वाकलेली, पाठीवर पन्नीची खोळ, रोवत रोवत मागे सरकणारी. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी दोन-तीन काड्या सोडवायच्या आणि त्याच बोटांनी चिखलात खुपसायच्या. मुळं दबली पाहिजेत, गाभा बुडता कामा नये. फार खोल गेलं तर फुटवे कमी येतात, वर राहिलं तर पहिल्या जोराच्या सरीला पऱ्हा तरंगतो. हे कुणी शिकवत नाही. दहा-बारा वर्षांची पोर आईच्या शेजारी वाकते आणि तिच्या बोटांना ते कळायला लागतं. कर्त्या पुरुषाची आठवण लिहिताना ही ओळ विसरू नये. धानाची शेती निम्म्याहून अधिक बायकांच्या कमरेवर उभी आहे, आणि बी पाखडून, वाळवून, उंदरांपासून वाचवून पुढच्या मृगापर्यंत नेणं हेही घरातच होतं, बहुतेक त्यांच्याच हातून.

पुढं निंदण. मग भाद्रपद-आश्विनात धान निसवतं. हलका धान दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कापणीला येतो, भारी धान त्यानंतर. कापून कडपा पाडायच्या, वाळल्या की भारे बांधायचे, भाऱ्यांचं पुंजणं रचायचं आणि सवडीनं चुरायचं. हातात धान आला की मंडई, म्हणजे जत्रा, भरतात आणि वडसा-ब्रह्मपुरीकडच्या मंडळ्यांची नाटकं सुरू होतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतरचा आहे, त्यामागे हा असा साधा हिशेब आहे.

या वर्षात एकच काळ असा, की कास्तकाराला हाताने फारसं काही करायचं नसतं: धान निसवल्यापासून कापणीपर्यंतचा. तेव्हा काम असतं डोळ्यांचं. सकाळी धुऱ्यावरून फेरी मारायची. खोडकिड्याने पांढरी पडलेली लोंबी कुठं दिसते का, करप्याचे ठिपके आलेत का, बुडाशी तुडतुडे बसलेत का, रात्री रानडुकरं शिरली होती का. रोज तेच पीक, तोच हिरवा-पिवळा रंग. या फेरीत जे खटकतं ते नजर टिपते, बाकीचं सोडून देते.

*

१९८३ साली दादाजींच्या बांधीत ‘पटेल-३’ होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातले डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलेलं, त्या काळी या भागात चांगलं रुळलेलं वाण. त्या उभ्या पिकात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग पिवळसर, दाणा बारीक.

अशी लोंबी दिसणं ही नवलाची गोष्ट नाही. धानाचं फूल दिवसा जेमतेम तास-दोन तास उमलतं आणि तेवढ्यात आपल्याच परागाने फळून बंद होतं. बाहेरचा पराग पोचतो तो क्वचित. म्हणून धानाचं बी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःसारखंच उगवतं. त्यात वेगळं काही दिसलं तर एक तर बियाण्यात भेसळ झालेली असते, किंवा कधी काळी चुकून संकर झालेला असतो, किंवा आतल्या आत काही बदल घडलेला असतो. बहुतेक वेळा भेसळच. त्यामुळे शहाणा कास्तकार अशी लोंबी उपटून टाकतो, नाही तर तिच्याकडे लक्षच देत नाही. दादाजींनी त्या तीन लोंब्या कापून पिशवीत घालून घरी नेल्या.

तीन लोंब्या म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहिला. एका लोंबीला शे-दीडशे दाणे धरले तर फार तर चारशे-साडेचारशे दाणे. बारीक धानाच्या हजार दाण्यांचं वजन पंधरा-सोळा ग्रॅम भरतं. म्हणजे सगळं मिळून सहा-सात ग्रॅम. चिमूटभर. एवढं बी पुढच्या मृगापर्यंत टिकवायचं, आणि तेही अशा घरात जिथं धान मोजायला पायली असते आणि चिमटीचा हिशेब कुणी ठेवत नाही. कोंबडीने टिपलं, उंदराने नेलं, पोराने सांडलं किंवा कुणी चांगल्या हेतूने मोठ्या ढिगात टाकून दिलं, तर संपलं. टाकून दिलेलं बी पुन्हा वेगळं काढता येत नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी ते बांधीच्या मधोमध वेगळं लावलं आणि भोवती काटेरी फांद्या रोवून कुंपण केलं. रानडुकरांपासून राखायला. मधोमध का, तर कडेला लावलेलं ढोरांच्या तोंडी जातं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली येतं. कापणीही वेगळी, चुरणंही वेगळं. गावात एकाच जागेवर एकापाठोपाठ एक धान चुरलं जातं, तेव्हा आधीच्याचे दाणे भेगांमध्ये उरतात आणि पुढच्यात मिसळतात. एवढंसं बी तिथं नेणं म्हणजे ते हरवणंच. त्यातून जे निघालं त्यातलं पुन्हा निवडायचं, सारखं दिसेल ते ठेवायचं, वेगळं दिसेल ते काढायचं, आणि पुढच्या मृगात पुन्हा लावायचं. हे पाच वर्षं चाललं. घरातल्या वर्षभराच्या भातासाठी जी जमीन होती, तिच्यातलाच तुकडा यासाठी अडला. पिकलं नसतं तर त्या तुकड्याचा भात कमी पडला असता, एवढा सरळ सौदा होता.

आता यात जे घडलं ते कृषी विद्यापीठाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात सापडतं. तिथं त्याला शुद्ध वंश निवड म्हणतात. एकेका लोंबीचं बी वेगळं लावायचं, पाच-सहा पिढ्या वेगळेपण टिकतं का पाहायचं, बिघडलेलं काढायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योहान्सेन या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने घेवड्याच्या दाण्यांवर काम करून त्यामागचं तत्त्व मांडलं, आणि भारतातली कितीतरी जुनी सुधारित वाणं याच पद्धतीने निघाली. दादाजींना हे नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडे ती पद्धत आली ती सांडलेलं धान वेचणाऱ्या, चांगलं बी बाजूला काढून ठेवणाऱ्या घरातून. दारिद्र्यात माणूस वस्तू वेगळ्या करून ठेवायला फार लवकर शिकतो. खायचं, पेरायचं, उसनं परत करायचं, असे ढीग लावल्याशिवाय वर्ष निभत नाही.

१९८८ च्या सुमारास त्यांनी हे बी लोकांना द्यायला सुरुवात केली. परिसरातल्या एका मोठ्या कास्तकाराने ते काही एकरांत लावून पाहिलं आणि मग आजूबाजूचे मागायला आले. उत्पादन हेक्टरी चाळीस ते पंचेचाळीस क्विंटल, दाणा पटेल-३ पेक्षा बारीक, भरडाईत तांदूळ जास्त निघतो, भात मोकळा आणि चवीला चांगला. वाणाला मात्र नाव नव्हतं.

नाव व्यापाऱ्याने दिलं. १९९० च्या आसपास एका धान व्यापाऱ्याकडे हा माल गेला. पावतीवर, बोलीत काहीतरी नाव तर हवं. तेव्हा मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं ही ऐपतीची आणि भरवशाची खूण होती. १९६१ मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला त्या घड्याळांची सुरुवात झाली आणि पुढं दोन पिढ्यांच्या लग्नांत जावयाला तेच घड्याळ दिलं गेलं. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव लावलं. सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं. आज पुण्या-मुंबईच्या वाण्याकडे एचएमटी म्हटलं की तो तांदळाच्या गोणीकडे हात करतो, आणि गोणीतला तांदूळ खरोखर त्याच वाणाचा आहे का, हे त्यालाही ठाऊक नसतं.

*

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने दादाजींकडून या बियाण्याचे पाच किलो नेले. हे केंद्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. हे बी शुद्ध करून, निवड करून काढलेलं आमचं वाण आहे, ही विद्यापीठाची भूमिका राहिली. दादाजींचं म्हणणं इतकंच होतं की ते माझं आहे.

या वादात बहुतेक लेख चटकन एका बाजूला जाऊन बसतात. मला विद्यापीठाचा दावा तांत्रिकदृष्ट्या खोटा वाटत नाही. शेतकऱ्यांच्या हातून हातात फिरलेल्या बियाण्यात भेसळ होतेच. ते साफ करून, चाचण्या घेऊन, प्रमाणित करून देणं हे काम आहे आणि ते विद्यापीठाने केलं. पण मूळच्या तीन लोंब्यांवर दादाजींनी जे केलं तेच नेमकं हे काम होतं. पटेल-३ मधून वेगळं काढणारा निवडकर्ता ठरत नसेल, तर एचएमटीमधून वेगळं काढणारा तरी कसा ठरतो? दोघांच्या कामात फरक होता तो प्रयोगाच्या नोंदवहीचा. दादाजींकडे नोंदवही नव्हती. कुठल्या वर्षी किती बी लावलं, किती फुटवे आले, किती लोंब्या काढून टाकल्या, हे सगळं डोक्यात. आणि वाण मंजूर करणाऱ्या समितीपुढे डोकं हजर करता येत नाही.

दुसरं, तेव्हा कायदाच नव्हता. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला तो २००१ मध्ये, आणि त्याखालचं प्राधिकरण आलं २००५ मध्ये. त्या कायद्याने पहिल्यांदा मान्य केलं की वाण काढणारा शेतकरीही पैदासकार असतो, त्याला नोंदणी करता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. शेतकऱ्याने आपलं बी राखणं, पेरणं, देणं-घेणं, ब्रँडचं नाव न लावता विकणं हेही त्यात हक्क म्हणून आलं. जगातल्या थोड्याच देशांनी एवढं केलंय. पण १९९४ साली कुणी पाच किलो बी मागितलं तर नागभीड तालुक्यातला कास्तकार काय करणार? देणार. बी नाही म्हणणं हे त्याच्या संस्कारात बसत नाही, आणि मागणारा सरकारी माणूस असेल तर मुळीच नाही.

हे एकट्या नांदेडचं दुखणं नाही. शेजारच्या छत्तीसगडात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरीच्या दशकात गावोगाव हिंडून धानाची हजारो देशी वाणं गोळा केली. तो संग्रह पुढं रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आला. २००२ मध्ये त्या विद्यापीठाचा या संग्रहाबाबत सिंजेंटा कंपनीशी करार होऊ घातला तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि करार बारगळला. त्या भांडणात रिछारियांचं नाव घेतलं गेलं, विद्यापीठाचं घेतलं गेलं, कंपनीचं घेतलं गेलं. ज्या आदिवासी बायाबापड्यांनी ती वाणं शतकानुशतकं वेगळी ठेवली, त्यांची नावं कुठल्या यादीत असणार? दादाजींचं नाव राहिलं हाच त्या मानाने अपवाद म्हणायचा.

ते राहिलं याचं श्रेय बरंचसं अहमदाबादच्या प्रा. अनिल गुप्ता यांच्या हनी बी नेटवर्कला आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनला. त्यांनी दादाजींचं काम नोंदवलं, पुरस्कारासाठी निवडलं, आणि जानेवारी २००५ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये फोर्ब्सने ग्रामीण भारतातल्या सात प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घातलं. उद्योजक! त्या वर्षीही ते तट्ट्याच्या, मातीच्या घरांच्या वस्तीत राहून धान पिकवत होते. यादी करणाऱ्यांना बहुधा दुसरा रकाना सापडला नसावा.

राज्य सरकारचा कृषिभूषण पुरस्कारही मिळाला, सुवर्णपदकासह. पुढं पैशांची नड आली म्हणून ते पदक मोडायला नेलं, तेव्हा सोनं कमअस्सल निघालं. वर्तमानपत्रांत ते खूप गाजलं. लोकांना राग आला तो खोट्या सोन्याचा. पदक मोडायला न्यावं लागलं याचा राग त्यामानाने कमी आला.

*

पैसा का आला नाही, हा प्रश्न मला इतर सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर विद्यापीठाच्या अन्यायाशी संपत नाही. समजा १९९० मध्येच दादाजींच्या नावाने सगळे कागद झाले असते. तरी काय झालं असतं? धान स्वतःसारखंच उगवतं हे वर आलंच आहे. एकदा कुणी चार पायल्या बी नेलं की पुढच्या वर्षी त्याच्याकडे स्वतःचं बी असतं. तो पुन्हा तुमच्याकडे कशाला येईल? उलट तोच शेजाऱ्याला देतो, सवाई-दिढीने म्हणा, नात्यातलं म्हणून फुकट म्हणा. संकरित बियाण्याची कंपनी दरवर्षी विकते, कारण संकरिताचं घरचं बी पुढच्या वर्षी तसं पिकत नाही. दादाजींचं वाण इतकं चांगलं होतं की ते विकण्याजोगं उरलं नाही. ते पसरलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हेच वाणाचं यश, आणि काढणाऱ्याच्या घराच्या दृष्टीने यातून एक रुपयाही नाही.

आणि घराला रुपये लागत होते. मुलाच्या आजारपणात जमीन विकावी लागली. कसण्यासाठी उरलं जेमतेम दीड एकर. दीड एकराचा हिशेब करायला फार गणित लागत नाही. हेक्टरी चाळीस-पंचेचाळीस क्विंटल हे चांगलं उत्पादन धरलं, तर साठ गुंठ्यांत चोवीस ते सत्तावीस क्विंटल. २०१७-१८ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला १,५५० रुपये होता. म्हणजे सदतीस ते बेचाळीस हजार. बारीक धानाला बाजारात त्याहून बरा भाव येतो, तो धरून पन्नास म्हणा. त्यातून नांगरणी, चिखलणी, रोवण्याची मजुरी, खत, फवारणी, कापणी, चुरणं वजा करा. घरात खायला लागणारा धान वजा करा. उरलं त्यात वर्ष. पावसाने दडी मारली तर तेही नाही. ज्या माणसाच्या बियाण्यावर मोठ्या जमिनीवाल्यांनी बंगले बांधले असतील, त्याला त्याच बियाण्याने फार तर त्याच्या साठ गुंठ्यांइतकं दिलं. वाण कितीही चांगलं असो, जमिनीहून मोठं होत नाही.

याच दीड एकरात त्यांनी पुढची वाणं काढली. नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, नांदेड चिन्नोर, दीपक रत्न, काटे एचएमटी, डीआरके, डीआरके-२. ही यादी वाचताना दोन गोष्टी जाणवतात. चार नावांत गाव आहे. आणि डीआरके म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. एचएमटीचं नाव दुसऱ्याने ठेवलं, ते वाण दुसऱ्याच्या खात्यावर चढलं. त्यानंतर त्यांनी नावंच अशी दिली की कुणाला पुसता येऊ नयेत. यात कडवटपणा होता की सावधपणा, हे सांगता येणार नाही. बी मात्र त्यांनी कुणाला नाकारलं नाही, आणि धुऱ्यावरची सकाळची फेरी थांबवली नाही. आयुष्यातली मोठी गोष्ट हातून निसटली की माणसं तिच्याबद्दल बोलण्यात उरलेलं आयुष्य घालवतात. दादाजींकडे त्यासाठी सवड नसावी. रोवणा कुणासाठी थांबत नाही.

अखेरच्या काळात अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले. घरच्यांना उपचार झेपेनात. बातम्या आल्या, मग राज्य सरकारने मदत जाहीर केली, आणि गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या दवाखान्यात त्यांच्यावर उपचार झाले. तिथंच ते गेले. मागोमाग नेते घरी आले, आश्वासनं झाली. पद्म पुरस्कार त्यांना जिवंतपणी मिळाला नव्हता. दोन वर्षांनी, २०२० च्या यादीत, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री जाहीर झाली. तोवर देशाच्या भाषेत अशा माणसांसाठी शब्द तयार झाले होते. दादाजी थोडे आधी आले.

२००१ च्या कायद्यात राष्ट्रीय जनुक निधी आहे. वाणं जपणाऱ्या शेतकऱ्यांना आणि गावांना त्यातून बक्षिसं मिळतात, आणि ती द्यायलाच हवीत. पण बक्षीस एकदा मिळतं, दवाखान्याचं बिल केव्हाही येतं. एखाद्या शेतकऱ्याचं वाण सरकारी यंत्रणेने उचललं, वाढवलं, विकलं, तर त्या विक्रीतला अगदी छोटा वाटा त्या घरी दरवर्षी जावा, निवृत्तिवेतनासारखा, ठरलेल्या महिन्यात, कुणाकडे न मागता. यासाठी फार मोठा खर्च येणार नाही, कारण अशी माणसं देशात हजारांनी नाहीत. दादाजींच्या बाबतीत एवढं झालं असतं, तर पदक कपाटात राहिलं असतं आणि विकलेल्या जमिनीतला तुकडा कदाचित परत घेता आला असता.

आज झाडीपट्टीतल्या कुठल्याही कृषी केंद्रात मे-जूनमध्ये पीकेव्ही-एचएमटीची पिशवी मिळते. ज्या तालुक्यातून हे बी निघालं तिथले कास्तकारही ती विकत घेतात, कारण घरचं बी चार-पाच वर्षांत मिसळतं. पिशवीच्या तोंडाशी पट्टी शिवलेली असते. प्रमाणित बियाण्याची निळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, पैदासकार बियाण्याची पिवळी. त्यावर पिकाचं नाव, वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणशक्ती आणि शुद्धतेची टक्केवारी. वाण मूळ कुणाच्या बांधीतून आलं, त्यासाठी रकाना नाही. तो घालायला फार तर एक शासकीय परिपत्रक लागेल.